शून्य नंबरचं रोप

टेबलावरच्या काळ्या ट्रेमध्ये अठ्ठ्याण्णव खळगे होते, चौदा ओळींत सात-सात, आणि त्यांपैकी सत्त्याण्णवांमध्ये टमाट्याचं बोटभर रोप उभं होतं. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातला खळगा तेवढा रिकामा होता. त्यात नारळाचा भुसा होता, पण तोही बाकीच्यांपेक्षा अर्धा सेंटिमीटर खाली गेलेला, वरून गुळगुळीत, आणि त्यावर बारीक वळणदार रेघा उमटलेल्या. अपेक्षाने ते पाहिलं, स्कूटीवरून आणताना रोप वाटेत पडलं असणार असं ठरवलं आणि खडू उचलला.

हा निष्कर्ष चुकीचा होता. पण समोर बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाची बेचाळीस मुलं बसली होती आणि मागच्या बाकावरून अब्रारने सुरुवातही केली होती.

"मॅडम, आज भाजीपाला?"

"टमाटे यायला दोन महिने आहेत. तोवर आपण ॲरे शिकून घेऊ."

वर्ग हसला. अपेक्षाला असा हसता वर्ग आवडायचा. यवतमाळच्या या कॉलेजात ती तेरा वर्षं शिकवत होती आणि पहिल्या वर्षाला ॲरेचा तास दुसऱ्या कुणाला देत नसे.

"समजा, या प्रत्येक रोपाची उंची मला लिहून ठेवायची आहे," ती म्हणाली. "आतापर्यंत जेवढं शिकलात, त्यात कसं कराल? रजत?"

"अठ्ठ्याण्णव व्हेरिएबल घेईन मॅडम. उंची एक, उंची दोन, उंची तीन..."

"ये, लिही फळ्यावर."

रजत उत्साहाने आला. नवव्या ओळीला त्याचा वेग मंदावला, बाराव्याला त्याने खडू खाली ठेवला. "नाई जमत मॅडम. हात दुखून राह्यला."

"म्हणून ट्रे," अपेक्षा म्हणाली. "अठ्ठ्याण्णव नावं ठेवण्याऐवजी ट्रेला एकच नाव द्यायचं आणि खळग्यांना नुसते नंबर. खळगे सगळे एकाच मापाचे, एकमेकांना चिकटून, मध्ये कुठे फट नाही. टमाट्याचा ट्रे असेल तर त्यात टमाटेच, वांगं नाही. आणि खळगे किती, हे ट्रे बनतानाच ठरलेलं. नंतर मला वाटलं म्हणून नव्व्याण्णवावा फुटत नाही. हाच ॲरे."

तिने कोपऱ्यातल्या रिकाम्या खळग्यावर बोट ठेवलं. "याचा नंबर शून्य. याच्या शेजारचा एक. शेवटचा सत्त्याण्णव."

"अरे बाप्पा," अब्रार म्हणाला. "पहिलाच शून्य काहून मॅडम? एकपासून मोजाले काय होते?"

दरवर्षी हा प्रश्न येई, आणि दरवर्षी अपेक्षा त्याची वाट पाहत असे.

"बाभुळगावची बस आपल्या स्टँडवर उभी आहे. अजून निघाली नाही. किती किलोमीटर चालली?"

"शून्य."

"मग स्टँड नाहीच का?"

"हाये ना! तिथंच तं उभी हाये."

"तसंच. नंबर म्हणजे कितवं रोप, हे नाही. कोपऱ्यापासून निघाल्यावर किती खळगे सोडून पुढे जायचं, हे आहे. पहिल्यासाठी काहीच सोडावं लागत नाही. कम्प्युटरला सगळे पत्ते पाठ नसतात, त्याला फक्त या कोपऱ्याचा पत्ता माहीत असतो. ट्रेचं नाव घेतलं की तो इथे येऊन उभा राहतो आणि इथून मोजतो. आता सांगा, तिसऱ्या ओळीतलं पाचवं रोप?"

वहीत आकडेमोड सुरू झाली. पहिल्या बाकावरची नाजिया सगळ्यांच्या आधी म्हणाली, "दोन ओळी पूर्ण सोडायच्या, चौदा झाले. त्यापुढे चार सोडायचे. अठरा."

"शाब्बास."

"पण मॅडम, मध्येच एक नवीन रोप घालायचं असेल तर? अठराव्याच्या जागी?"

"तर अठराव्यापासून पुढच्या प्रत्येकाला एकेक जागा सरकावं लागेल," अपेक्षा म्हणाली. "एकासाठी सगळ्यांना हलवायचं. ॲरेमधलं सगळ्यांत त्रासाचं काम तेच..."

वाक्य तिथे क्षणभर अडखळलं. मुलांना वाटलं मॅडमना ठसका लागला.

ठसका नव्हता. हेच वाक्य अपेक्षा गेले अकरा महिने स्वतःशी म्हणत होती.

बाभुळगावच्या रस्त्यावर शामची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली मिरची, वांगी, टमाटे, कोबी यांचे शेकडो ट्रे. दोन वर्षांपूर्वी तो कॉलेजात विचारत आला होता, ट्रेचा फोटो काढला की रोपं आपोआप मोजून देईल असा प्रोग्राम कुणी करून देईल का. मुलं परीक्षेत होती, म्हणून अपेक्षाने स्वतःच ते काम घेतलं. मग दर शनिवारी दुपारी ती तिथे जाऊ लागली. आणि गेल्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी, फाटकाशी तिची स्कूटी वळवून देता देता, शाम म्हणाला होता, "मॅडम, मले फिरवून बोलता येत नाई. मले तुमच्यासोबत लग्न कराचं हाये. तुमचा काय विचार हाये, ते सांगजा."

अपेक्षा अडतिसाची, तो एक्केचाळीसचा. शेतीवाल्या मुलाला मुलगी मिळत नाही, याचे सगळे अनुभव त्याने आधीच हसत हसत सांगून झालेले. एका मुलीने तर ट्रेमधली रोपं पाहून "ही बाग कधी मोठी होते?" असं विचारलं होतं, आणि ही मोठी व्हायच्या आधीच विकायची असतात हे कळल्यावर तिचा चेहराच पडला होता. अपेक्षाला तो आवडत होता. याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण तिच्या आयुष्यात सगळं जागच्या जागी होतं. सकाळी सातला बाबांचा चहा, साडेदहाला कॉलेज, संध्याकाळी पेपर, रात्री बाबांबरोबर बातम्या. त्यात मध्ये एक माणूस घालायचा म्हणजे कोणाकोणाला सरकवायचं, याची यादी ती मनात करायला घेई आणि यादी संपत नसे.

म्हणून ती म्हणाली होती, "हा प्रोग्राम पूर्ण होऊ दे. मग सांगते."

"बरं," शाम म्हणाला होता. "मले घाई नाई."

आणि खरोखरच त्याने त्यानंतर एकदाही विचारलं नाही. उलट अपेक्षाच प्रोग्राम वाढवत गेली. आधी नुसती रोपं मोजायची होती, मग तिने पिवळी पानं ओळखायचा भाग त्यात घातला, मग तापमान, मग कुणाची रोपं कधी न्यायला तयार होतील त्याच्या तारखा. तिचे वडील वामनराव तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"तुझा थो प्रोग्राम पूर्ण व्हाच्या आत मी पूर्ण होईन असं वाटून राह्यलं," ते परवा चहा पिता पिता म्हणाले.

"बाबा, काहीही बोलता."

"मंग काय तं. थो बिचारा दर रविवारी येते, माह्यासंगं बुद्धिबळ खेळते, हरते आन् जाते. मुद्दाम हरते की खरंच खेळता येत नाई, याचाबी शोध लागत नाई. एकदाचं लग्न झालं की जिंकाले लागन, मंग समजन मले."

शेवटी ऑगस्टमध्ये सगळे भाग संपले. आता सबब उरली नव्हती. आणि तेव्हाच ही एकाची चूक निघाली.

बी टाकल्यावर काही खळग्यांत उगवत नाही. बारा-पंधरा दिवसांनी बाया त्या रिकाम्या जागी दुसरीकडची रोपं लावतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. नांग्या भरून झालेल्या ट्रेमध्ये अठ्ठ्याण्णव रोपं असायला हवीत. अपेक्षाचा प्रोग्राम सत्त्याण्णव सांगे. एखाद्या ट्रेला नाही, सगळ्या एकशे सव्वीस ट्रेंना. प्रत्येकात शून्य नंबरच्या खळग्यात रोप नाही म्हणे.

याचा अर्थ कोणत्याही प्रोग्रामरला डोळे मिटून कळतो. मोजणी शून्यापासून करायच्या ऐवजी एकापासून सुरू झाली. ही चूक अपेक्षा दरवर्षी मुलांच्या वह्यांत लाल पेनाने दाखवे, वर "पुन्हा?" असंही लिही. आता तीच तिच्या प्रोग्राममध्ये होती आणि सापडत नव्हती. तीन आठवडे ती ओळ न् ओळ वाचत होती. फोटोत तो कोपरा काळसर दिसे, म्हणून तिने सावलीचाही हिशेब घालून पाहिला. उत्तर सत्त्याण्णव. पहिल्या दोन दिवसांत तिला मनातून थोडं बरं वाटलं होतं, की चला, अजून पूर्ण नाही. नंतर मात्र राग यायला लागला, आणि तो प्रोग्रामवरच होता असं नाही.

"मॅडम?"

नाजिया बाकावरून उठून टेबलाजवळ आली होती. वाकून ती कोपऱ्यातला रिकामा खळगा पाहत होती.

"शून्य नंबरचं रोप कुठे गेलं?"

"वाटेत पडलं असेल. स्कूटीवर आणला ना मी."

"पडलं असतं तर भोक राहिलं असतं ना मॅडम. मुळासकट निघालं असतं." नाजियाने आपला अंगठा हलकेच त्या खळग्यावर धरला. तो बरोब्बर बसला. "हे अंगठ्याने दाबलंय कुणीतरी. रेघा बघा. खूप वेळा दाबलंय."

अपेक्षा वाकून त्या रेघा पाहू लागली.

"आमची बेकरी आहे ना, दिग्रसला," नाजिया सांगू लागली. "अब्बू भट्टीतून ट्रे काढतात तेव्हा फडक्यातून त्यांचा अंगठा कोपऱ्यातल्या पावात जातो. रोज. त्या पावाला खड्डा पडतो, मग तो विकत नाहीत. लहानपणापासून आम्ही भावंडं कोपऱ्यातलाच पाव खातो. मला तर कॉलेजात आल्यावर कळलं की पावाला खड्डा नसतो."

वर्गात हशा पिकला. अब्रार म्हणाला, "म्हणजे तुह्या घरी शून्य नंबरचाच पाव!"

"चौकोनी ट्रे आहे, म्हणजे खड्ड्याचे पाव दोन हवेत, शून्य नंबरचा आणि दुसऱ्या हाताचा तिकडच्या कोपऱ्यातला," नाजिया गंभीरपणे म्हणाली. "पण तिकडे अब्बू पकडीने धरतात, म्हणून खड्डा पडत नाही."

अपेक्षाने ट्रे उचलला. डाव्या हाताचा अंगठा आपोआप कोपऱ्यात गेला. उजव्या हाताची बोटं खालून आधाराला. रोप असतं तर या क्षणी चिरडलं असतं. तिने ट्रे खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा खाली ठेवला. बेचाळीस मुलं हा प्रकार कुतूहलाने बघत होती.

तिच्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती. तो तीन आठवडे खरं सांगत होता. शून्य नंबरच्या खळग्यात रोप नाही, कारण तिथे रोप नाही. तिने ओळ न् ओळ वाचली होती, ट्रेकडे मात्र एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"नाजिया," ती म्हणाली, "तुला अंतर्गत परीक्षेत एक मार्क जास्त."

"एकच मॅडम?" रजतने विचारलं.

"एकाचीच चूक होती."

तास संपला तेव्हा अडीच वाजले होते. पण निष्कर्ष पडताळून पाहिल्याशिवाय खरा मानायचा नाही, हे वामनरावांनी तिला चौथीत शिकवलं होतं. तिने ट्रे स्कूटीच्या पुढच्या जागेत ठेवला, दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावली आणि बाभुळगावच्या रस्त्याला लागली. पोळा होऊन पंधरवडा झाला होता. दोन्ही बाजूंना कपाशीच्या पराटीला बोंडं धरली होती, सोयाबीन पिवळं पडत होतं. शनिवार नसताना ती या रस्त्याने पहिल्यांदाच जात होती.

रोपवाटिकेत मोटर धडधडत होती. जाळीखाली फवारे चालू होते आणि त्यांच्या पलीकडे कोरड्या जागेत मैनाबाई पाच-सहा बायांबरोबर बसल्या होत्या. साठीच्या, बारीक चणीच्या, हातांचा वेग असा की बघणाऱ्याला बोटं दिसत नसत. शामच्या वडिलांच्या वेळेपासून ट्रे भरायचं काम त्यांच्याकडे होतं.

"अवो, मॅडम!" त्या मोटरच्या आवाजावर ओरडल्या. "आज तं मंगळवार हाये!"

"मावशी, एक विचारायचं होतं."

"शामभाऊ तिकडं हायेत, कोबीजवळ."

बाकीच्या बाया खाली मान घालून हसल्या. या बायांनी एक गोष्ट फार पूर्वीच टिपली होती. रोपवाटिकेत येणारा प्रत्येक जण, शेतकरी, टेम्पोवाला, खतवाला, सगळे त्याला शामभाऊ म्हणत. एकट्या मॅडम त्याला काहीच म्हणत नसत. अकरा महिने त्या "अहो," "जरा बघा ना," असं करून वेळ मारून नेत होत्या.

"तुम्हालाच विचारायचंय," अपेक्षा म्हणाली आणि ट्रे त्यांच्यासमोर ठेवला. "हा कोपरा रिकामा का असतो?"

मैनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे, मग पुन्हा तिच्याकडे. एवढं शिकून हे विचारते, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

"मंग अंगठा कुठं ठेवू?"

त्यांनी शेजारचा पाण्याने जड झालेला ट्रे उचलून दाखवला. डावा अंगठा कोपऱ्यात रुतला, ट्रे अंगाशी आला, आणि त्या उठल्याही. "वल्ला झाला की भल्ला जड होते. कड धरली तं वाकते, सारी रोपं लटलट हालते. कोपऱ्यात अंगठा रोवला की जागचा हालत नाई. आता तेथी रोप असन तं थे मरन. मंग बी कायले वाया घालू? मी तं पयल्यापासून थे घर सोडूनच टाकतो. साऱ्या पोरीयले तसंच शिकवलं."

"किती वर्षं झाली?"

"माह्या पोराच्या, उकंडाच्या जन्माच्या आधीपासून. त्याले आता दोन लेकरं हायेत."

शाम पाईप हातात घेऊन कोबीच्या वाफ्यांकडून आला होता. गुडघ्यापर्यंत ओला. अपेक्षाला मंगळवारी पाहून तो आधी थबकला, मग मैनाबाईंचं शेवटचं वाक्य ऐकून आणखीच थबकला.

"मावशी, काय म्हणून राह्यल्या? दर ट्रेमंधी एक कमी?"

"तं?"

"आवो, मी साऱ्या दुनियेले अठ्ठ्याण्णव सांगून राह्यलो ना! माह्या बापानंबी तेच सांगतलं! लोक म्हणन, शामनं फसवलं."

"कोनी म्हणलं आजपर्यंत?"

"नाई."

"मंग? शंभर ट्रे नेले की मी दोन ट्रे वरचे देतो का नाई?"

"थे तं... थे बाबानं चालू केलं व्हतं ना? गिऱ्हाईक खुश राह्यलं पाह्यजे म्हणून?"

"तुह्या बापाले कायचं मालूम," मैनाबाई म्हणाल्या. "थे मी चालू केलं. शंभर कमी जाते म्हणून."

अपेक्षाने मनात गणित केलं. शंभर ट्रे, शंभर रोपं कमी. दोन ट्रे वर, म्हणजे एकशे चौऱ्याण्णव जास्त. "मावशी, एका ट्रेनेच जवळजवळ भागतं. तीनच रोपं कमी पडतात."

"कमी कायले पडू द्याचे?" मैनाबाईंनी विचारलं. "लोकं वावरात लावते. एखादं रस्त्यात मोडते."

शाम रिकाम्या ट्रेच्या थप्पीवर बसला आणि हसायला लागला. त्याला हसू आवरेना. "म्हणजे दोन पिढ्या नर्सरी चालवली आम्ही, आन् ट्रेमंधी रोपं किती, हे मालूम फक्त मावशीले."

"आणि माझ्या प्रोग्रामला," अपेक्षा म्हणाली.

"हो! म्हणजे थो बरोबर व्हता?"

"पहिल्या दिवसापासून."

मग तिला राहवलं नाही. ती मैनाबाईंशेजारी खाली बसली, ओल्या पोत्यावर, कॉलेजच्या कपड्यांत, आणि तिने दुपारचा तास पुन्हा एकदा घेतला. कम्प्युटरमध्येही असाच ट्रे असतो, त्यालाही एक नाव असतं, आणि कम्प्युटर सगळा ट्रे त्या कोपऱ्यातल्या घरावरून धरतो, शून्य नंबरच्या. तो एक कोपरा हातात असला की बाकीचे सगळे सापडतात. सुटला की काहीच नाही.

मैनाबाईंनी लक्ष देऊन ऐकलं.

"मंग तुमच्या कम्पुटरलेबी अंगठा हाये म्हणा," त्या म्हणाल्या.

तेरा वर्षांत एवढ्या थोडक्यात हे अपेक्षाला सांगता आलं नव्हतं. पुढच्या वर्षी वर्गात हेच वाक्य सांगायचं, असं तिने ठरवलं.

"चाला वं, हात चालवा," मैनाबाई बायांना म्हणाल्या. "चार वाजता लाईन जाते. तोवर पानी मारून घ्या साऱ्यायले." आणि त्यांनी एक नवा ट्रे पुढे ओढला. यात सात-आठ ठिकाणी उगवलं नव्हतं. एका बोटाने भुशाला भोक, दुसऱ्या हाताने पोसलेलं रोप त्यात, दोन बोटांनी चेप. पुढचं. पुढचं.

अपेक्षा पाहत राहिली. नांग्या भरताना तिने हजारदा पाहिलं असेल. आज ती त्या रोपाकडे न पाहता शेजारच्या रोपांकडे पाहत होती. ती हललीसुद्धा नाहीत.

"मावशी, नवीन रोप लावताना बाकीची हलवावी लागत नाहीत?"

"तेह्यले कायले हालवाचं? तेह्यचं काय काम? जागा रिकामीच हाये ना, म्हणून तं लावून राह्यली."

साधी गोष्ट होती. भरलेल्या ॲरेमध्ये मध्येच काही घालायचं तर सगळ्यांना सरकवावं लागतं. पण खळगा रिकामाच असेल तर नुसतं तिथे ठेवायचं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे कळतं. अपेक्षाने अकरा महिने कोणाकोणाला हलवावं लागेल याची यादी केली होती. आपला ट्रे भरलेला आहे का, हे तपासायचं मात्र राहून गेलं होतं. दर रविवारी सकाळी दहा वाजता बाबा बुद्धिबळाचा पट मांडून खिडकीत बसतात. त्यासाठी कोणी कोणाला सरकवलं होतं? दर शनिवारी दुपारी ती इथे असते. त्या दुपारी आधी काय होतं, हे तिला आठवेनाही.

ती उठली. पाठीमागे पोत्याचा ओला डाग घेऊन.

शाम पुन्हा फवाऱ्यांकडे गेला होता. मोटरजवळचा एक पाईप सुटला होता आणि तो वाकून तारेने आवळत होता. मोटरचा आवाज तिथे एवढा होता की पायाखालची जमीन थरथरत होती. अपेक्षा वाफ्यांच्या अलीकडे उभी राहिली. मध्ये फवारे असल्यामुळे पलीकडे जायचं म्हणजे पूर्ण भिजायचं.

"प्रोग्राम पूर्ण झाला!" ती म्हणाली.

त्याने मान वर करून कानाशी हात नेला. "काय?"

"प्रोग्राम! झाला पूर्ण!"

"पाईप? झाला ना, आता आवळतो!" तो ओरडला आणि पुन्हा वाकला.

मागे बायांचे हात थांबले होते. मैनाबाई एक रोप दोन बोटांत धरून तशाच बसल्या होत्या. अपेक्षाच्या लक्षात आलं की पाच-सहा जणी श्वास रोखून आपल्याकडे बघताहेत. एरवी ती इथून परत फिरली असती, शनिवारी बोलू म्हणाली असती. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला नावाने हाक मारली.

"शाम!"

तो ताठ उभा राहिला. मोटरच्या आवाजातही हे त्याला ऐकू गेलं होतं. हातातली तार खाली पडली.

अपेक्षाने पूर्ण छाती भरून श्वास घेतला, बेचाळीस मुलांच्या वर्गातही कधी लावला नव्हता एवढा आवाज लावला, आणि नेमके त्याच क्षणी चार वाजले. लाईन गेली. मोटर एक हेलकावा देऊन बंद पडली, फवारे गळून खाली आले, आणि हिरव्या जाळीखालच्या त्या लखलखीत शांततेत, कोबीच्या शेवटच्या ओळीपर्यंत, फाटकाबाहेर उभ्या टेम्पोवाल्यापर्यंत, तिचं वाक्य स्वच्छ ऐकू गेलं.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय!"